हॉलिसची झाडं

आमच्याकडे एखाद्याचा ट्रक न विचारता नेला तर तो आठवडाभर कुरकुरतो. त्याची बायको पळवली तर बंदूक काढतो, आणि बहुतेक वेळा परत ठेवून देतो. पण त्यानं तळ्यात बुडवलेल्या झाडांवर जाऊन कोणी गळ टाकला, तर त्या माणसाशेजारी चर्चमध्ये कोणी बसत नाही. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. वाटू दे. टोकाबी तळ्याच्या काठावर जन्म काढलेल्या कुणालाही विचारा.

नाताळ संपला की लोक रस्त्याकडेला टाकलेली नाताळची झाडं गोळा करतात, कुंपणाकडेचे सिडार तोडतात. बुंध्याला तारेनं सिमेंटचे ठोकळे बांधायचे, बोटीत घालायचं आणि आसपास कोणी नाही असं बघून तळ्यात सोडायचं. झाड पाण्याखाली उभं राहतं. फांद्यांमध्ये बारीक मासे लपायला येतात आणि त्यांच्यामागं क्रॅपी मासे येतात. झाड कुठं सोडलं हे ज्याचं त्यानं जाणायचं. बायकोलाही सांगायचं नाही, कारण बायकोला बहीण असते आणि बहिणीला नवरा असतो.

क्रॅपी काही मोठा मासा नव्हे, ताटात मावतो. पण त्याच्यापायी चांगली शहाणी माणसं वेडी झालेली मी पाहिली आहेत. हिवाळाभर तो जुन्या नदीच्या पात्रात, तळ्याच्या सगळ्यात खोल भागात ढिम्म पडून असतो. फेब्रुवारी सरताना पाण्यातला गारठा कमी होतो तसा तो वर सरकतो, पण एकदम काठाला येत नाही. अर्ध्या वाटेवर जिथं आडोसा असेल तिथं थांबतो. आठवडेच्या आठवडे थांबतो. मग डॉगवुडला फुलं येतात आणि नर काळे पडतात, तोंडापासून छातीपर्यंत काजळी फासल्यासारखे. ते उथळ पाण्यात जाऊन शेपटीनं तळ झाडतात, जागा करतात. माद्या येतात, अंडी टाकतात, निघून जातात. नर एकटा राखण करत राहतो. जवळ येईल त्याला चावतो, म्हणून तर गळाला लागतो. सगळं उरकलं की आल्या वाटेनं परत. त्या अर्ध्या वाटेवर ज्याची झाडं, त्याला मासे जातानाही मिळतात आणि येतानाही. बाकीचे नुसते काठाला बसून एकमेकांना थापा मारतात.

माझी धाकटी बहीण नेल्डा, तिचा नवरा हॉलिस टिडवेल याची झाडं अशी अर्ध्या वाटेवर होती. कुठं, ते कोणालाच माहीत नव्हतं. हॉलिस शाळेच्या बस दुरुस्त करायचा. कमी बोलायचा. माझा नवरा कॉय त्याच्या अगदी उलट. कॉय सोफ्याच्या कारखान्यात होता, चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरांचा मानाचा मदतनीस होता, आणि बोलायला लागला की समोरच्याचं जेवण थंड होई. दोघांची दोस्ती शाळेपासूनची. दोघी बहिणींनी दोन दोस्तांशी लग्न केलं आणि एकाच तळ्याच्या दोन बाजूंना घरं केली. आमचं घर तळ्याचा पूर्वेचा फाटा आत घुसतो तिथं, पाण्याला लागून.

या जानेवारीत हॉलिस सिडारची झाडं बोटीत घालून गेला तो परत आला नाही. बोट दुसऱ्या दिवशी धरणाच्या भिंतीजवळ, दगडांवर धडका खात सापडली. आत झाड नव्हतं, तार नव्हती, माणूस नव्हता. कॉफीचा थर्मास तेवढा होता.

शेरीफची माणसं आली, कुत्री आली, पाण्याखालचं दाखवणारी यंत्रं घेऊन शेजारच्या जिल्ह्यातले लोक आले. धरणाच्या बाजूचं सगळं पाणी त्यांनी विंचरून काढलं. पण टोकाबी मोठं आहे, गढूळ आहे, आणि त्या रात्री वारा सारखा फिरत होता. बोट कुठून वाहत आली ते देवाला ठाऊक.

डेप्युटी ग्रेडीनं आमच्या ओसरीवर सगळ्यांना उभं करून विचारलं, "त्याची झाडं कुठं असायची, कोणाला काही अंदाज?"

सगळ्यांनी माना हलवल्या. नेल्डानं कॉयकडं पाहिलं. "कॉय, तू तरी? इतकी वर्षं बरोबर जात होतास."

कॉयनं टोपी काढून छातीशी धरली होती. "बरोबर जायचो गं, पण झाडांवर नाही. ते त्यानं मलाही कधी सांगितलं नाही."

हे खरं होतं. त्यानं सांगितलं नव्हतंच.

मग शोध थांबला. ग्रेडी नेल्डाला म्हणाला, "पाणी फार गार आहे, मॅडम. अशा पाण्यात माणूस खालीच राहतो. मार्चमध्ये जरा ऊब आली की बहुतेक वर येईल." तो बिचारा चांगल्या मनानं बोलला, पण ते ऐकून मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. कारण त्या दिवसापासून नेल्डा मार्चची वाट बघायला लागली. सगळं गाव माशांसाठी मार्चची वाट बघत होतं. लोक रोज पाण्यात थर्मामीटर सोडत, आकडा चढलेला बघून खूश होत. माझी बहीण त्याच आकड्याकडं बघत होती.

मधल्या काळात लोकांच्या जिभा गप्प बसतात का? कोणी म्हणालं, हॉलिसला मेम्फिसच्या रस्त्यावर पेट्रोल भरताना पाहिला. कोणी म्हणालं, बेट्सव्हिलला केस कापणारी एक बाई आहे म्हणे. बोट मुद्दाम सोडून दिली म्हणे. दुकानात नेल्डा आत आली की बोलणं थांबे आणि सगळ्यांना एकदम ब्रेडचे भाव वाचावेसे वाटत.

पास्टर म्हणाले, अंत्यप्रार्थना करून घेऊ, मनाला शांती मिळेल. नेल्डा म्हणाली, "रिकाम्या शवपेटीपुढं मी रडणार नाही. मला माझा माणूस पाहिजे. तो पळून गेला नाही हे मला माहीत आहे, पण ते या गावाला दिसलं पाहिजे. त्याला मी माझ्या हातानं पुरणार. मग शांतीचं बघू."

मार्च आला. पाणी उबदार झालं. नेल्डा रोज सकाळी येऊन आमच्या ओसरीवर बसायची, कारण इथून तळं सगळ्यात जास्त दिसतं. दुर्बीण मांडीवर. पाण्यात एखादा ओंडका तरंगताना दिसला की उठून उभी राहायची. मी कॉफी आणून ठेवायची, ती निवायची, मी परत न्यायची.

आणि कॉय बोट काढत नव्हता.

माझ्या लक्षात यायला उशीर झाला, कारण दुःखाच्या घरी कोण मासे मोजतं? पण दरवर्षी या दिवसांत, काठावरच्यांच्या हाती काही नसताना, कॉय बादली भरून आणायचा. जाड पाठीच्या, अंड्यांनी फुगलेल्या माद्या. कुठं मिळाल्या म्हटलं की म्हणायचा, "देवाची कृपा." डीकनच्या तोंडी शोभून जायचं. चर्चच्या मासे तळण्याच्या जेवणाला निम्मे मासे आमचेच असत. मी पीठ लावून तळायची, मक्याच्या पिठाचे वडे करायची आणि मिरवायची. या वर्षी पास्टर विचारायला आले तर कॉय म्हणाला, पाठ दुखते. पाठ! ज्यानं आदल्या आठवड्यात एकट्यानं फ्रिज हलवला होता.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. नेल्डा बाहेर ओसरीवर होती.

"दर मार्चला मासे कुठून आणायचास?"

"आता हे काय मध्येच?"

"मध्येच नाही. कुठून आणायचास?"

"तळ्यातून. आणखी कुठून आणणार, बागेतून?"

"कॉय, मी तुझ्याबरोबर तीस वर्षं काढली आहेत. तू खोटं बोलताना खिशातली किल्ली चाचपतोस. हात बाहेर काढ."

त्यानं हात बाहेर काढला. मग खुर्चीत बसला. टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाला, "एकदा धुक्यात त्याच्यामागं गेलो होतो. मुद्दाम नाही. म्हणजे, मुद्दामच. कोरड्या नाल्याच्या तोंडाशी, जुन्या रस्त्याचा पूल बुडाला आहे ना, तिथं. त्यानंतर तो कामावर असला की जायचो."

"किती वर्षं?"

"पुष्कळ."

"आणि तो तिथं पाण्यात असेल हे तुला जानेवारीपासून माहीत आहे?"

"वर येईल असं वाटलं, व्हर्डी. ग्रेडी म्हणाला ना, ऊब आली की येईल. मग कोणाला काही सांगायची गरजच पडली नसती."

मला वाटलं, समोरची कढई उचलावी. डीकनपणा जाईल, दुकानात लोक तोंड फिरवतील, एवढ्यासाठी या माणसानं माझ्या बहिणीला दोन महिने दुर्बीण घेऊन बसू दिलं होतं! मी त्याचं मनगट धरलं आणि ओसरीवर ओढत नेलं. "सांग तिला. आत्ता."

त्यानं सांगितलं. नेल्डा ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "पुलाच्या कुठल्या बाजूला?" आणि बूट घालायला लागली.

दुपारपर्यंत ग्रेडीची माणसं यंत्रं घेऊन पोचली. निम्मं गाव काठावर जमलं. आणि पुलाच्या त्या बाजूला काहीच नव्हतं. माणूस तर नव्हताच, झाडंही नव्हती. तळ स्वच्छ. पाणबुड्या वर आला तो हातात तारेचे कापलेले तुकडे घेऊन. "इथं झाडं होती," तो म्हणाला. "कोणीतरी ठोकळे तोडून ओढून नेली आहेत."

तेव्हा नेल्डाला आठवलं. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी हॉलिस जेवता जेवता म्हणाला होता, माझ्या झाडांवर कोणीतरी येतंय, दुसरीकडं हलवावी लागतील. कोण येतंय, तिनं विचारलं होतं. त्यानं बटाटे पुढं सरकवायला सांगितलं होतं.

ती कॉयसमोर जाऊन उभी राहिली. सगळे बघत होते. "तू त्याला तिथून उठवलंस," ती म्हणाली. "तिथंच राहिला असता तर जानेवारीत गारठ्यात नवी झाडं सोडायला गेला नसता. आता तू शोध. सापडेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

कॉयनं तोंड दाखवलं नाही. डीकनपद दुसऱ्या रविवारी गेलं. दुकानात त्याला कोणी काही बोललं नाही, तेच जास्त वाईट. तो उजाडता उजाडता आमच्या लाकडी धक्क्यावरून बोट सोडायचा, मधल्या पाण्यात पोचला की पाण्याखालचं दाखवणारा पडदा चालू करायचा आणि दिवसभर तळ बघत हिंडायचा. मासे जिथं थांबतात तिथं झाड असणार आणि झाड असेल तिथं हॉलिस, हा त्याचा हिशोब. चुकीचा नव्हता. पश्चिमेचे सगळे नाले त्यानं पालथे घातले, धरणाखालची कपार पाहिली, बुडालेल्या शेतांचे बांध पाहिले. लोकांची कितीतरी गुपितं त्याला सापडली असतील. हॉलिस सापडला नाही. अंधार पडल्यावर यायचा, ओट्याशी उभ्यानं खायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते. खरं सांगते, मला त्याची कीवही येत नव्हती.

एप्रिलमध्ये डॉगवुड फुलला. मासे काठाला आले. आमच्या फाट्यात धक्क्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघाभर पाण्यात काळे नर दिसायला लागले. एकेक जण आपापल्या हातभर जागेवर उभा. दरवर्षी मला ते बघून हसू येई. नवरे असे राखण करत बसले असते तर काय पाहिजे होतं, असं मी नेल्डाला म्हणायची. या वर्षी मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते.

मग डॉगवुडची थंडी आली. फुलं उमलल्यावर ती एकदा येतेच, उत्तरेचा वारा घेऊन. पाणी परत गारठलं. अशा वेळी क्रॅपी जागा सोडतात आणि जवळच्या खोल आडोशाला जाऊन थांबतात. आमच्या फाट्यात आडोसा नाही. तळ उघडा, नुसता चिखल. कॉयनं इथं कधी झाड सोडलंच नाही. "घरासमोर कोण गळ टाकतं?" असं म्हणायचा. म्हणून थंडी आली की आमच्या फाट्यातला मासा पार लांब मुख्य पाण्यात निघून जातो, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

त्या सकाळी घरात जीव रमेना. नेल्डाला ताप होता, ती तिच्या घरी. कॉय कधीच गेला होता. मी त्याचा जुना गळ घेतला, जाड कोट घातला आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले. मासे मिळावेत म्हणून नव्हे. हाताला काहीतरी हवं होतं. जमेल तितका लांब फेकला.

दोरी ताणली गेली. काळा नर, हाताएवढा. परत टाकला, परत मासा. मग मादी. त्याच जागी, त्याच खोलीवर, एकामागून एक. मी त्यांना काढून पाण्यात सोडत होते आणि माझ्या मनात हळूहळू एक विचार चढत होता, जो मला नको होता. इथं आडोसा नाही. मग हे थांबलेत कशाला?

पुढच्या फेकीला गळ अडकला. ओढला, सैल केला, परत ओढला. काहीतरी तुटून आलं. वर काढलं तर सिडारची डहाळी. पानं अजून हिरवी होती. जुनी सडकी नव्हे. चुरडली तर वास आला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात. मी ती डहाळी हातात घेऊन तिथंच बसून राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती जागा सरळ दिसते. भांडी घासताना रोज दिसते. नेल्डा दुर्बीण घेऊन तिच्यावरून पलीकडं बघत होती. कॉय रोज सकाळी त्याच पाण्यावरून बोट नेत होता, आणि पडदा मात्र पुढं गेल्यावर चालू करत होता. चोरी करायला लांब जाणारा माणूस स्वतःच्या दारात कधी शोधत नाही, आणि हे हॉलिसनं ओळखलं होतं. चोर कोण तेही ओळखलं होतं. जानेवारीत तो गेला त्या दिवशी आम्ही ट्युपेलोला डॉक्टरकडे गेलो होतो आणि ते त्याला माहीत होतं.

मी ग्रेडीला फोन केला. मग नेल्डाला.

पाणबुड्या दुसऱ्याच बुडीला वर आला आणि त्यानं मान हलवली. ठोकळ्याच्या तारेचा फास हॉलिसच्या बुटाभोवती बसला होता. ऊब आली तरी तो वर येणार नव्हता. त्याला तारेसकट, झाडासकट काढावं लागलं. नेल्डा तापाच्या अंगानं, घोंगडी पांघरून, धक्क्यावर उभी होती. चादर टाकण्याआधी तिनं त्याच्या कोटाची बाही नीट केली. चेहरा मात्र ग्रेडीनं तिला बघू दिला नाही.

तेवढ्यात कॉयची बोट आली. अंगणात गाड्या दिसल्या असणार. त्यानं इंजिन लांबच बंद केलं आणि बोट वाहत वाहत धक्क्याला लागली. कोणी दोर धरला नाही. तो स्वतःच चढून वर आला. आधी चादरीकडं पाहिलं, मग पाण्याकडं, मग घराकडं. मग त्याला कळलं.

"त्याला माहीत होतं," नेल्डा म्हणाली. "नाताळात तुझ्या टेबलाशी बसला होता. तू प्रार्थना म्हटलीस, त्यानं आमेन म्हटलं. तुझ्या हातची कॉफी प्यायला. एक शब्द बोलला नाही, का तर तू त्याचा दोस्त."

 

तिनं हात उचलला आणि त्याच्या गालावर चपराक मारली. ताप होता तिला, जोर कुठून आला माहीत नाही. पलीकडच्या काठावरही ऐकू गेली असेल.

"ही त्यानं मारायला पाहिजे होती," ती म्हणाली. "नोव्हेंबरातच. भांडला असतात, वर्षभर एकमेकांचं तोंड बघितलं नसतंत. आणि तो आज घरी असता."

 मी धावले, तिला दोन्ही हातांनी धरलं, आणि ती जानेवारीपासून पहिल्यांदा रडली. ग्रेडीच्या माणसांनी टोप्या काढल्या. कॉय तिथंच उभा होता, गाल लाल, हात लोंबते. त्याला कोणी धरलं नाही. मीही नाही.